कॉर्नरची राखण

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले, त्यात कॉर्नर नव्हताच. चेंडू गोलरेषेपलीकडे गेला की त्याला आधी कोण शिवतो याची शर्यत लागे. आक्रमकाने बाजी मारली तर त्याला 15 यार्डांवरून गोलवर किक मिळे आणि तोवर समोरच्या संघाने गोलरेषेमागे थांबायचे. कुणी कुठे उभे राहायचे, हे शिकवण्याची गरजच नव्हती.

कॉर्नर आणला शेफील्डच्या क्लबांनी, 1868 मध्ये. लंडनने तो 1872 मध्ये घेतला. पुढे कॉर्नरवरचा ऑफसाइड गेला आणि आक्रमक थेट गोलकीपरला खेटून उभा राहू लागला. 1924 मध्ये कॉर्नरवरून थेट गोलही मान्य झाला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला अर्जेंटिनाच्या सेसारिओ ओन्झारीने ऑलिंपिक विजेत्या उरुग्वेवर तसा गोल केला. पोस्टजवळ एक खेळाडू ठेवण्याला त्यानंतर खरा अर्थ आला.

मराठवाड्यातल्या जालन्याचा या खेळाशी जुना धागा हैदराबादमार्गे जातो. 1956 पर्यंत जालना हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याच राज्याच्या राजधानीतल्या सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. ड्रिबलिंगला मनाई असलेल्या आणि फक्त कमकुवत पायाने खेळायच्या स्पर्धा ते भरवत. कॉर्नर अडवायला नेमके हेच लागते. गर्दीत चेंडू कोणत्या पायावर पडेल याचा नेम नसतो, आणि तो थांबवून खेळवत बसायला सवड तर नसतेच. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने शेवटच्या काही मिनिटांत एक गोल फेडला, तरी रहीम यांच्या भारतीय संघाने 2-1 ही आघाडी हातची जाऊ दिली नाही. भारताचे फुटबॉलमधले ते शेवटचे आशियाई सुवर्ण.

माणसामागे माणूस लावायचा की जागा वाटून घ्यायच्या, हा वाद प्रशिक्षकांत आजही चालू आहे. शाळेच्या संघाला जागा वाटून देणेच बरे. कबड्डीतला कोपरारक्षक जागा सोडून चढाईपटूमागे धावत सुटत नाही, हे मराठवाड्यातल्या पोराला वेगळे सांगावे लागत नाही. हेडर चांगला मारणारा जवळच्या पोस्टपुढे, दोघे-तिघे सहा यार्डांच्या रेषेवर, एक चपळ गडी बॉक्सच्या तोंडाशी. नजर चेंडूवर, अंग अर्धवट मैदानाकडे वळलेले, आणि चेंडू निघताच पहिले पाऊल पुढे. चेंडू बाहेर फेकला गेला की सगळी फळी एकदम वर सरकते. मुले विसरतात ती हीच शेवटची गोष्ट, आणि सरावात सर्वाधिक वेळ तिलाच द्यायला हवा.

कॉर्नरनंतरचा क्षण तितकाच घातक. 9 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत, 17 वर्षांखालील विश्वचषकात, जीक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारून कोलंबियाशी 1-1 बरोबरी साधली. विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. मिनिटभरात कोलंबियाने पुन्हा गोल केला आणि सामना घेतला.

जुलै 2025 पासून गोलकीपरने चेंडू 8 सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. त्यामुळे चेंडू झेलल्यावर तो कुणाकडे फेकायचा, हेही आता गोलकीपरच्या सरावात आधीच ठरवून ठेवावे लागते.