चुलींत गेलेला मका

अन्नाच्या दाण्याला पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावण्याची रीत आपल्याकडे अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. ज्या घरांत ही रीत आहे त्या घरांतील माणसाला, अमेरिकेंतील शेतकरी ऐन हिंवाळ्यांत कोळशाऐवजीं मक्याचे दाणे जाळून घर ऊबदार करीत असत असें सांगितलें, तर प्रथम तें खरें वाटणार नाहीं. आणि खरें वाटलें तर संताप येईल. तो संताप स्वाभाविक आहे. परंतु तो कोणावर करावा हें ठरविण्यापूर्वीं या प्रकाराचा इतिहास समजून घेतला पाहिजे.

आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस हा अमेरिकेच्या मध्यावरचा मुलूख गवताळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें वस्तीला गेलेल्या लोकांना जमीन कसदार मिळाली. पण पश्चिमेकडे जावें तसतसे नदीनाल्यांचे कांठ सोडले तर झाड दृष्टीस पडत नसे. थंडी अशी कीं विस्तवावांचून माणूस जगणें कठीण. कोळसा दूरच्या खाणींतून आगगाडीनें यावयाचा. म्हणून जें हाताशीं होतें तें या लोकांनीं जाळलें: गवताचे पिळे, गव्यांचें वाळलेलें शेण, दाणे काढून उरलेलीं मक्याचीं कणसें. खुद्द दाण्याला हात घालण्याची पाळी मागाहून आली. आणि ती टंचाईनें आली नाहीं, सुबत्तेनें आली!

याचा उलगडा कठीण नाहीं. मका वजनाला जड आणि मोलाला हलका. त्याचें गिऱ्हाईक पूर्वेकडील शहरांत किंवा समुद्रापलीकडे. तेथवर माल नेणारी आगगाडी पुष्कळ ठिकाणीं एकाच कंपनीची असे, आणि भाड्याचा दर तीच ठरवी. पीक उदंड आलें कीं भाव कोसळे. भाडें मात्र त्या मानानें उतरत नसे. भाडें वजा जातां शेतकऱ्याच्या पदरांत जें पडे, त्यांतून कोळसा विकत घेण्यापेक्षां मकाच जाळणें परवडे, असे हिंवाळे १८७० नंतर एकाहून अधिक वेळां आले. १८८९ चें पीक असेंच उदंड होतें, आणि त्या हिंवाळ्यांत नेब्रास्का व कॅन्ससमधील पुष्कळ घरांत मका जळाला. शेगडीजवळ बसून केलेला तो हिशेब राजकारणांत उतरल्यावांचून राहिला नाहीं. १८९२ सालीं ओमाहा शहरीं पॉप्युलिस्ट पक्षानें जो जाहीरनामा काढला, त्यांत आगगाड्या सरकारच्या मालकीच्या कराव्या ही एक ठळक मागणी होती.

तो हिशेब आपणही करून पाहूं. मक्याच्या दाण्यांचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड. वाळलेल्या मक्याच्या एका पौंडापासून सुमारें ७,००० ब्रिटिश थर्मल युनिटें उष्णता मिळते. चांगल्या दगडी कोळशापासून सुमारें १२,०००. अर्थात् २,००० पौंडांच्या एक टन कोळशाचें काम करण्यास साधारण ६० बुशेल मका पुरतो. बुशेलचा भाव १० सेंट असेल तर तो मका ६ डॉलरचा झाला. कोळशाचा टन जेथें याहून महाग, तेथें मका जाळणें ही उधळपट्टी नसून काटकसर ठरते.

१९३२–३३ च्या हिंवाळ्यांत आयोवांत भाव खरोखरच या पायरीवर येऊन ठेपला. एका परगण्याच्या कचेरींतही कोळशापेक्षां स्वस्त म्हणून मका जाळीत, अशी आठवण तेथील एका शेतकऱ्यानें पुढें सांगून ठेवली आहे. आणि त्याच हिंवाळ्यांत शिकागोसारख्या शहरांत बेकार माणसें फुकटच्या सूपासाठीं रांगा लावून उभीं होतीं. १९३२ च्या उन्हाळ्यांत मायलो रेनो यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं माल बाजारांत न नेण्याचा संप पुकारला होता आणि सू सिटीकडे जाणारे रस्ते अडविले होते. अखेर ऑक्टोबर १९३३ मध्यें सरकारनें कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन केली. शेतकऱ्यानें मका आपल्याच कणगींत मोहोरबंद करून ठेवावा आणि त्यावर बुशेलमागें ४५ सेंट कर्ज घ्यावें. भाव चढला तर मका विकून कर्ज फेडावें, न चढला तर मकाच सरकारच्या हवालीं करावा, अशी ती योजना. मका जाळूं नये असा कायदा कोणास करावा लागला नाहीं. दाण्याला किंमत आली, आणि शेगडींत पुन्हां कोळसा आला.

यानंतरचा प्रसंग आपल्या जिव्हारीं लागणारा आहे. दुसऱ्या महायुद्धांत अर्जेंटिनाचा मका युरोपांत जाईनासा झाला आणि इंग्लंडचा कोळसा तिकडे येईनासा झाला. तेव्हां तेथील विजेच्या कारखान्यांत व आगगाडीच्या इंजिनांत मका जाळण्यांत आला. याच काळांत, १९४३ सालीं, बंगालमध्यें दुष्काळानें १५ ते ३० लाख माणसें मेलीं. बंगालच्या संकटाचीं कारणें अनेक होतीं, आणि अर्जेंटिनाच्या मक्यानें तें टळलें असतें असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु पृथ्वीच्या एका अंगाला धान्य इंधन झालें होतें व दुसऱ्या अंगाला माणसें त्यावांचून मरत होतीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. मध्यें जीं जहाजें हवीं होतीं तीं युद्धाला जुंपलेलीं होतीं.

१९७३ नंतर तेल महागलें, तसे मका जाळण्याचे खास बॉयलर अमेरिकेंत निघाले. आपल्याकडील बंबाचाच हा थोरला भाऊ म्हणावा. वर दाण्यांची कोठी. तिच्या तळाशीं फिरणारा मळसूत्री दांडा दाणे थोडेथोडे भट्टींत ढकलतो. पंखा वारा घालतो. भट्टीभोंवतींचें पाणी तापून नळांवाटे घरभर फिरतें. दाणा चांगला वाळलेला लागतो. राख थोडी, पण तींतील क्षार वितळून कांचेसारखा गोळा बनतो. तो वरचेवर काढावा लागतो. २००५ सालच्या वादळांनीं गॅस महाग केला तेव्हां मका बुशेलला २ डॉलरच्या आसपास होता, आणि या शेगड्यांना व बॉयलरांना एकदम मागणी आली. पुढें मक्यापासून मद्यार्क काढून मोटारींत घालण्याचें धोरण वाढलें. २०१२ च्या अवर्षणांत भाव ८ डॉलरांवर गेला. ज्यांना सोय होती त्यांनीं मक्याऐवजीं लांकडाच्या भुशाच्या गोळ्या घातल्या. शेगडीचा हिशेब तोच. आंकडे तेवढे फिरले.

पिकतें तेथें विकत नाहीं, अशी आपली म्हण आहे. विकत नाहीं तेथें तें जळतें, एवढी भर या इतिहासानें तिच्यांत घातली आहे. थंडीनें कुडकुडणाऱ्या मुलांसाठीं ज्यानें स्वतः पिकविलेला मका विस्तवांत टाकला, त्या शेतकऱ्याला दोष देणें सोपें आहे. परंतु त्यानें तो टाकला त्याच्या आधींच बाजारानें त्याचें मोल कोळशाखालीं नेऊन ठेवलें होतें. संताप करावयाचा तर दाण्याला भुकेल्यापर्यंत पोंचूं न देणाऱ्या व्यवस्थेवर करावा. आणि तो करून थांबूं नये, तर १९३३ सालीं झाला तसा दाण्याला मोल आणण्याचा उपाय शोधावा.