चांगले जीवन : मनमाडमधील दोन विचारधारा

मनमाड (जि. नाशिक) हे रेल्वेचे मोठे जंक्शन. चांगले जगणे म्हणजे काय, या प्रश्नाची दोन ठळक उत्तरे या गावाशी जोडलेली आहेत.

पहिले उत्तर शीख पंथाचे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे नांदेड येथे निधन झाले. त्या नांदेडकडे जाणारा लोहमार्ग मनमाडहून फुटतो आणि येथे गुरुद्वारा गुप्तसर साहिब आहे. नामस्मरण, कष्टाची कमाई आणि मिळालेले वाटून खाणे ही या पंथाची जीवनसूत्रे आहेत. तिसरे सूत्र लंगरच्या, म्हणजे गुरुद्वारातील सामूहिक भोजनाच्या, पंगतीत उतरते : तेथे जात विचारली जात नाही, सगळे एकाच ओळीत बसतात.

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुभाव नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही त्यांनी केला. ती वृत्ती कोणत्याही जातीत असू शकते, हे सांगण्यात त्यांची नैतिक उंची दिसते. चांगल्या जीवनाची अट त्यांनी अशी माणसांच्या परस्परसंबंधांत शोधली. पुढे याच शोधात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथात नीती हाच धम्माचा गाभा मानला आहे.