नवगुंजराचा माग

कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर आणि शेपटीच्या जागी साप. पाय तीनच : हत्तीचा, वाघाचा आणि हरणाचा, कुठे हरणाऐवजी घोड्याचा. चौथ्या पायाच्या जागी वर उचललेला माणसाचा हात, हातात कमळ नाहीतर चक्र. ओडिशातल्या पटचित्रांमधला हा नवगुंजर.

व्यासांच्या महाभारतात तो नाही. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडियात महाभारत रचलं, त्यात तो येतो. डोंगरावर तप करणाऱ्या अर्जुनासमोर हे विचित्र जनावर उभं राहतं. अर्जुन धनुष्य उचलतो. पण असा प्राणी जगात असणार कसा? कमळ धरलेला तो हात पाहून त्याला खूण पटते, हा तर कृष्णच! धनुष्य खाली ठेवून तो पाया पडतो. माझ्या मते साऱ्या चित्राचा जीव त्या एका हातात आहे.

कवीने नऊ अंगं सांगितली, ती जुळवून प्राणी उभा करायचं अवघड काम चित्रकारांकडे आलं. जुन्या पटांत तो एका बाजूने, सपाट रंगात, ठसठशीत काळ्या रेघेत दिसतो. मोराची मान बैलाच्या खांद्यात कुठे शिरते, ते शोधूनही सापडत नाही. रेघ तुटतच नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या शिखरावर जे नीलचक्र आहे, त्याच्या कडेवरही आठ नवगुंजर आहेत. 1751 ते 1803 या काळात ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता, म्हणजे मराठी माणसांनीही त्या चक्रापुढे हात जोडले असणार.

मग तो पत्त्यांत शिरला. बाबराने 1527 मध्ये सिंधला गंजिफा हा पत्त्यांचा खेळ धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीत त्या खेळात दशावतार आले, ओडिशात त्याचा ‘गंजपा’ झाला. पुरीकडच्या काही डावांत नवगुंजर राजा आहे आणि वजीर आहे अर्जुन! नेम धरणारा शेवटी दरबारी झाला, ही कल्पना मला फार आवडते.

पट करायचा तर आधी चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, खडूची पूड चढवायची, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं. शंखाचा पांढरा, हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, काजळीचा काळा आणि हे रंग बांधायला कवठाचा डिंक. पुरीजवळच्या रघुराजपुरात चित्रकारांची घरं आजही हे काम करतात. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला मरणपंथाला लागली होती, ती तिथेच पुन्हा सावरली.

जगन्नाथाला जाणाऱ्यांनी एक दुपार रघुराजपूरसाठी राखावी. छापील प्रत घेऊ नये, हाताने रंगवलेला पट मागावा आणि घेण्याआधी मानेचा तो सांधा निरखून पाहावा.