दुष्काळातला शिधा आणि दुखण्यातून उठलेला माणूस

श्रोतेहो, पारनेर तालुक्यातल्या जुन्या माणसांसमोर १९७२ च्या दुष्काळाचे नाव काढा, की दोन शब्द निघतात : मिलो आणि सुकडी. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि पिठा-गुळाची सुकडी यांवर अनेक घरांनी दिवस काढले. पोट भरले, जीव वाचला. पण खंगलेल्या किंवा तापातून उठलेल्या माणसाला नुसत्या धान्याने उभे करता येते काय? हा प्रश्न याच दख्खनच्या मातीत त्याआधी शंभर वर्षे विचारला गेला होता, आणि तोही मोठ्या हट्टाने.

१८७६ साली पाऊस गेला. नगर, पुणे, सोलापूरपासून मद्रास इलाख्यापर्यंत भयंकर दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आले. गंमत बघा, हेच टेंपलसाहेब १८७४ च्या बंगालच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च करून बसले होते आणि त्याबद्दल बोलणी खाऊन आले होते. आता त्यांनी हात आखडला. १८७७ च्या आरंभी त्यांनी ठरवले, की दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे पुरेत. इकडे पुण्याची सार्वजनिक सभा गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सरकारकडे गाऱ्हाणी मांडत होती. तिकडे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी टेंपल यांना उघड विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की धान्य तर कमी आहेच, पण त्यासोबत डाळ आणि भाजीपालाही हवा. पुढे मद्रासेत शिधा वाढवावा लागला. त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. त्यांतली फार मोठी संख्या पटकी, हगवण आणि तापाने गेली. आणि टेंपलसाहेब? त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

डॉ. कॉर्निश यांना भाजीपाल्यातले नेमके काय हवे होते, हे त्या काळी कोणालाच सांगता आले नसते. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने १७४७ साली बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले होते. संत्री आणि लिंबे ज्या दोघांना दिली, ते सर्वांत लवकर सुधारले. पण लिंबातले ते द्रव्य, म्हणजे क जीवनसत्त्व, वेगळे काढावयास विसावे शतक उजाडले. त्या संशोधनासाठी सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९४० च्या सुमारास, हिसार भागातल्या दुष्काळात हिरड्यांतून रक्त येणारे रोगी आपल्या आवळ्याने बरे करण्यात आले.

आता हे द्रव्य शरीरात करते तरी काय? विळा पावसात राहिला तर गंजतो. हवेतल्या प्राणवायूचे ते काम. आपल्या शरीरातही प्राणवायूपासून काही फार तापट कण तयार होतात. अंगात रोगजंतू शिरले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुद्दामच असे कण तयार करून जंतूंवर मारा करतात. या माऱ्याची झळ आपल्याच पेशींना लागते. तिला आवर घालणारी काही द्रव्ये शरीर स्वतः बनवते, काही अन्नातून येतात : आवळ्या-लिंबातले क जीवनसत्त्व, तेलबियांतले ई, शेवग्याच्या पाल्यातले आणि तांदुळज्यातले कॅरोटीन. यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. दीर्घ आजारात हा साठा खाली जातो, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे 'आंबट नको, पालेभाजी नको' म्हणून रोग्याला आठवडेच्या आठवडे नुसत्या भातावर ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस पेज ठीक, पण वैद्याने मनाई केली नसेल तर पुढे मुगाच्या कढणात लिंबू पिळायला काय हरकत आहे?

एवढे ऐकून कोणी दुकानात गोळ्या आणावयास धावेल, म्हणून पुढची हकीकत सांगतो. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षे कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल आला, तो उलटाच : गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक निघाला. आफ्रिकेतल्या मलावी देशात, अंगावर सूज आणणारे कुपोषण टळावे म्हणून, लहान मुलांना अशा द्रव्यांची पूड दिली. सूज टळली नाही, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. गोळीत एखादे द्रव्य असते, पण भाजी-भाकरीत त्याच्या जोडीला डाळीचे प्रथिन असते, मीठ-तेल असते, आणि आणखी कितीतरी असे असते की ज्याचा हिशेब अजून लागलेला नाही.

शिक्षकबंधूंनो, पारनेरच्या पठारावर पहिला पाऊस पडला, की बांधावर तांदुळजा, घोळ, कुर्डू आपोआप उगवतात. १८८६ साली डॉ. लिस्बोआ या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या रानवनस्पतींनाही जागा दिली. अशी यादी आपापल्या गावच्या आज्यांना विचारून मुलांनी करावी. कोणती भाजी कधी उगवते, बाळंतिणीला कोणती देतात, तापातून उठलेल्याला कोणती नाकारतात आणि का, हेही त्यात लिहून घ्यावे. भाजी फार शिजवून वरचे पाणी ओतून देण्याची रीत किती घरांत आहे तेही विचारावे, कारण क जीवनसत्त्व बरेचसे त्या पाण्याबरोबर मोरीत जाते.