खोडलेल्या नावाचा ग्रंथसंग्रह

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये २०१६ साली, जानेवारी ते जुलै या काळात, जॉन डी या सोळाव्या शतकातील पंडिताच्या 'हरवलेल्या' ग्रंथसंग्रहाचे प्रदर्शन भरले होते. हरवलेला म्हणायचे एवढेच; त्यातले शंभराहून अधिक ग्रंथ याच वैद्यकसंस्थेच्या कपाटांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुखरूप आहेत.

डीचा जन्म १५२७ चा. गणिती, ज्योतिषी, पहिल्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार आणि देवदूतांशी संवाद साधू पाहणारा साधकही. युक्लिडच्या १५७० मधील इंग्रजी भाषांतराला प्रस्तावना त्याचीच. इंग्लंडमधील मठ बरखास्त झाल्यावर त्यांतली हस्तलिखिते देशोधडीला लागली होती. ती वाचवून राजाश्रयाने ग्रंथालय उभारावे, असा अर्ज त्याने १५५६ मध्ये मेरी राणीकडे केला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. ते काम मग थेम्सकाठच्या मॉर्टलेक येथील त्याच्या राहत्या घरात झाले. छापील व हस्तलिखित मिळून चार हजारांच्या आसपास ग्रंथ आपल्यापाशी होते, असे तो सांगे. केंब्रिज-ऑक्सफर्डची तत्कालीन ग्रंथालयेही या घरापुढे लहान होती.

सप्टेंबर १५८३ मध्ये त्याने संग्रहाची यादी केली, घर मेहुण्याच्या हवाली केले आणि तो पोलंडकडे निघाला. १५८९ च्या अखेरीस परतला तेव्हा संग्रहाची लूट झालेली होती. त्यातली बरीच पुस्तके निकोलस साँडर नावाच्या गृहस्थाकडे गेली. साँडरने पानांवरची डीची सही धुतली, खरवडली आणि तिच्यावर आपले नाव लिहिले. पुस्तके कोणाची, हे त्याला पक्के ठाऊक होते, याचा याहून चांगला पुरावा कोणता? आपल्याकडे पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. साँडरने फासलेला हरताळ मात्र कच्चा निघाला. सही अनेक ठिकाणी खालून डोकावतेच.

पुढे ही पुस्तके डॉर्चेस्टरच्या मार्क्विसकडे गेली आणि १६८० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर वैद्यकसंस्थेला मिळाली. संस्थेचे स्वतःचे ग्रंथालय १६६६ च्या लंडनच्या आगीत बहुतांशी जळालेले होते.

प्रदर्शनाच्या निमित्ताने गाजले ते ग्लिंडोनीचे चित्र. राणीपुढे प्रयोग करणाऱ्या डीभोवती चित्रकाराने आधी मानवी कवट्यांचे वर्तुळ काढले होते व नंतर ते रंगाखाली झाकले होते. क्ष-किरणांत ते दिसले. वृत्तपत्रांना असा जादूगार आवडणारच. पण ते चित्र डीच्या मृत्यूनंतर सुमारे तीनशे वर्षांनी काढलेले, म्हणजे ते डीविषयी कमी आणि चित्रकाराच्या काळाविषयी जास्त सांगते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबावे ते पुस्तकांच्या समासांपाशी. साँडरने नाव पुसले. समासातली टिपणे, मजकुराकडे बोट दाखवणारे चिमुकले हात, अधोरेखने यांना तो पुरा पडला नाही, किंवा ती त्याला मालकीची खूण वाटली नसावीत. सिसेरोच्या ग्रंथात एके ठिकाणी समासात डीने शिडे फुगलेले एक जहाज काढले आहे, दोरखंडांसकट, अगदी निगुतीने.