दोन रुपयांचे निर्माते

सिनेमाचा इतिहास लिहिणारे विद्वान दिग्दर्शकापासून सुरुवात करतात. मी पैशापासून करतो. पंगतीत बसल्यावर जिलबी कुणी तळली यापेक्षा ती कुणाच्या खर्चानं तळली, याची आधी चौकशी करणाऱ्या घराण्यातला मी. त्यामुळं ज्यांना 'समांतर' म्हणतात ते चित्रपट पाहताना मला नेहमी एकच प्रश्न पडत आला : याला पैसे दिले कुणी? (समांतर म्हणजे जो प्रेक्षकाला कुठंच भेटत नाही तो, अशी आमच्या आळीतली व्याख्या.)

पहिले दाते म्हणजे सरकार. 1960 साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं. 1969 मध्ये मृणाल सेनांचा 'भुवन शोम' त्याच्याच पैशावर झाला आणि पाठोपाठ मणी कौल यांचा 'उसकी रोटी' आला. यात एक बाई बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन रस्त्यावर उभी असते. ती थांबते. आपणही थांबतो. फिल्म सोसायटीच्या अंधारात माझ्या शेजारच्या गृहस्थांनी अर्ध्या तासानं विचारलं, "बस गेली का हो?" मी म्हटलं, "नाही, यायचीय." "मग आली की उठवा," म्हणून ते झोपले. पण ज्यानं एसटीच्या फलाटावर दोन-दोन तास काढलेत, त्याला हा सिनेमा कळायला समीक्षक लागत नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली आणि बँकेच्या कर्जावर 1976 साली 'घाशीराम कोतवाल' केला. दिग्दर्शक चार! मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. आमच्या सोसायटीत गच्चीच्या गळतीवर चौघांचं एकमत होत नाही. यांनी अख्खी पेशवाई उभी केली. पटकथा तेंडुलकरांची, नाना मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी.

त्याच साली श्याम बेनेगलांचा 'मंथन' आला. इथं मात्र मी टोपी काढतो. गुजरातच्या दूध सहकारी संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. झाले दहा लाख. नंतर हे निर्माते ट्रकांत बसून आपलाच सिनेमा बघायला आले. स्वतःच्या सिनेमाचं तिकीट स्वतः काढणारे निर्माते जगात दुसरे असतील असं वाटत नाही. एरवी निर्मात्याचा मेहुणासुद्धा फुकट पास मागतो.

केरळात जॉन अब्राहम नावाचा अवलिया त्याहून पुढं गेला. त्याच्या 'ओडेसा' मंडळींनी गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवला, लोकांपुढं झोळी धरली आणि त्यातून 1986 साली 'अम्मा अरियान' केला. आपल्याकडं गणपतीची वर्गणी मागणारी पोरं दारात उभी राहिली की आपण घरात नसतो. तिथं माणसांनी एका न पाहिलेल्या सिनेमासाठी पैसे काढून दिले.

आता कुणी म्हणेल, गरिबीचे सिनेमे रडकेच असायचे. नाही हो! 1983 चा कुंदन शहांचा 'जाने भी दो यारो' बघा. पैसे पुन्हा सरकारीच, एनएफडीसीचे, आणि तेही बेताचे. निर्मितीची व्यवस्था पाहणारे विधू विनोद चोप्राच दुःशासन होऊन उभे राहिले. रंगमंचावर प्रेताला साडी नेसवून द्रौपदी केलेली, आणि प्रेक्षागृहात आम्ही पोट धरून हसतोय. घरी परतताना मात्र ध्यानात येतं, की ते प्रेत महापालिकेच्या आयुक्ताचं होतं आणि आपल्या गल्लीतला पूल अजून अर्धाच आहे.

कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' 1988 चा. अजमेर, बेडूक, ज्योतिष असं बरंच काही त्यात आहे. गोष्ट सांगा म्हणाल तर मी पाणी प्यायला उठेन. हा चित्रपटगृहात लागला 2014 साली. सव्वीस वर्षं! तेवढ्यात जन्मलेलं पोर सिनेमा बघून बापाला समजावू शकतं.

पण हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्ट आहे. सिनेमा काढायला वर्गणी जमते, सांभाळायला जमत नाही. फिल्मला बुरशी लागते. 'घाशीराम'ची प्रत अखेर सापडली ती बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत. पुण्याचा कोतवाल जर्मनीत सुखरूप, कारण तिथं कुणीतरी डबा कोरड्या जागी ठेवला होता. 'मंथन'लाही बुरशी लागली होती. तो धुऊन-पुसून 2024 साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. तिथल्या सुटाबुटातल्या मंडळींत ते पाच लाख निर्माते अर्थातच मावले नसते. त्यांतले बरेचजण आता हयातही नसतील. पण सिनेमा आहे. दोन रुपयांत याहून टिकाऊ वस्तू मी तरी आयुष्यात घेतलेली नाही.