अठरा आणि नऊ

फ्लॅटचा ताबा दीड वर्ष लांबला, तेव्हा मी स्वतःचं अ‍ॅग्रीमेंट पहिल्यांदा नीट वाचलं. बिल्डरनं करार कधी रद्द करायचा यावर पानभर मजकूर आणि मी कधी करायचा यावर दोन ओळी. त्या दोन ओळी आल्या कुठून, ते शोधत बसलो.

सुरुवात १९६३ची. महाराष्ट्राचा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा, म्हणजे 'मोफा'. घरांची टंचाई आहे आणि गैरप्रकार वाढताहेत, हे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय. कलम ८ सांगतं: ठरल्या तारखेला ताबा नाही, तर मागाल तेव्हा पैसे परत, ९ टक्के सरळव्याजानं. कारण हाताबाहेरचं असेल तर तीन महिने जास्त, फार तर आणखी तीन. परताव्याचा बोजा थेट त्या जमिनीवर. माझ्या आजोबांच्या तरुणपणीच हक्क होता तर! पण व्याज सरळ आणि घरांचे भाव पळणारे. करार मोडणाऱ्याला परत आलेल्या पैशांत तेवढंच घर मिळेल, याची खात्री नव्हती.

मोफा महाराष्ट्रापुरता. गुरुग्राममधला २०१२चा एक करार २०१९मध्ये सुप्रीम कोर्टासमोर होता. ग्राहकाचा हप्ता चुकला तर १८ टक्के, बिल्डरचा ताबा चुकला तर ९. तेही आधी ३९ महिने, मग १८० दिवसांची सवलत, मग १२ महिने वाट बघा, मग नोटीस, मग ९० दिवस. (असे एकात एक 'इफ' कुणी लिहिले तर मी कोड रिव्ह्यूतच परत पाठवीन.) कोर्टानं या अटी एकतर्फी ठरवल्या. छापील करारावर सही केली म्हणून ग्राहक त्यांना बांधील नाही. तोवर बिल्डर ताबा द्यायला तयार झाला होता, तरी तो घ्यायची सक्ती नाही.

दरम्यान १ मे २०१७ पासून रेराचं कलम १८ लागू झालं होतं. तारीख चुकली की निवड ग्राहकाची: व्याजासकट पैसे घेऊन बाहेर पडा, नाहीतर थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्या. मला मात्र जास्त आवडली ती व्याजाची व्याख्या. हप्ता चुकवणाऱ्याला जो दर, तोच ताबा चुकवणाऱ्याला. महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के.

मी एक्सेलमध्ये दोन कॉलम केले, 'बाहेर' आणि 'थांब'. व्याज, ईएमआय, भाडं सगळं भरलं. 'बाहेर'मध्ये त्याच रस्त्यावरच्या नव्या फ्लॅटचा आजचा भाव टाकला आणि आईला फोन केला. दरमहा व्याज मागणारा अर्ज मागच्या आठवड्यात भरला.